वळीव थांबल्यावर

चैत्र संपत आला की आमच्या इमारतीची गच्ची बायकांच्या ताब्यात जाते. कुणाच्या कुरडया, कुणाच्या साबुदाण्याच्या पापड्या, कुणाची चटणीची मिरची. माझी बायको दर उन्हाळ्यात म्हणते, गुडघे दुखतात, यंदा सगळं विकतच आणू. आणि दर उन्हाळ्यात पहाटे उठून सांडग्यांची डाळ वाटायला घेते. मला राखणीला बसवते. जिन्याच्या सावलीत खुर्ची, डोक्याला ओला पंचा, हातात वेताची काठी. कावळ्यांना मी आता चांगला ठाऊक झालोय. माझी मान जरा कलली की ते कठड्यावर येऊन बसतात.

राखणीला बसलेल्या माणसाचं अर्धं लक्ष आभाळाकडे असतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गच्चीवरून तसं फार काही दिसत नाही. पाण्याच्या टाक्या दिसतात, आणि क्लासच्या फलकांवरची पहिली आलेली हसरी मुलं. पण एखाद्या दुपारी वारा एकदम पडतो, उन्हाला पितळेचा रंग चढतो, खालच्या गल्लीतल्या रिक्षांचा आवाज उगाच कानाशी आल्यासारखा वाटतो. वळीव येणार असला की असं होतं. "ढग आलेत का हो?" बायको जिन्यातून विचारते. "नाहीत अजून," मी म्हणतो. डोळ्यांपुढे मात्र तेव्हा सांडगे नसतात.

वळवाची एक गोष्ट मी बरीच वर्षं सांगत आलो. सभेत सांगितली, शिबिरात सांगितली, घरी आलेल्या पाहुण्यांना जेवायला वाढतावाढता सांगितली. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत. गोष्ट खोटी नाही. पण मी ती जिथं संपवायचो तिथं ती संपली नव्हती. उरलेला भाग मी गिळून टाकत असे. तो ज्या दोघींसमोर सांगायला हवा होता त्यांतली एक आता ऐंशीकडे झुकली आहे, दुसरीच्या कानशिलांवर चांदी आली आहे, आणि माझं तर विचारूच नका. आपण गेल्यावर ही अर्धीच गोष्ट गावात राहील, या विचारानं गेले दोन-तीन उन्हाळे मला गच्चीवर धड डुलकीही लागेनाशी झाली होती.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. शाळेतली नोकरी मुदतीआधी सोडून मी एका लहानशा संस्थेत काम करू लागलो होतो. एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या, एक टाइपरायटर, आणि आम्ही चार-पाच माणसं. शाहूवाडी तालुक्यात बायकांचे गट बांधायचे, त्यांच्या हाताला काम आणि बोलण्याला जागा मिळवून द्यायची, असं आमचं काम. मलकापूरपर्यंत एस.टी., पुढे वडापच्या जीपमध्ये गुडघे छातीशी घेऊन, आणि शेवटी डोंगराच्या कडेनं पायवाट. वाटेत करवंदांच्या जाळ्या. एप्रिलअखेर त्या काळ्या होऊन लगडलेल्या असत आणि माझ्यानं हात आवरत नसे. करंजओहळच्या वेशीत शिरलो की पहिली बाई ओरडायची, "सर आलं! तोंड बगा की, शाईची बाटली पिऊन आल्यागत!"

करंजओहळ म्हणजे दोन आळ्या. चढावर वरची आळी, तिच्यात मराठ्यांची घरं. ओढ्याच्या अंगाला खालची आळी, तिच्यात बौद्ध कुटुंबं. मधे प्राथमिक शाळा, तिचा ओटा आणि तिचं सारवल्यासारखं सपाट पटांगण. डोंगरातल्या त्या गावात तेवढीच एक आडवी जागा. दोन्ही आळ्यांचं पीक एकच, नाचणी, आणि उन्हाळ्यात दोन्हीकडे नाचणीचे पापड होत. वरच्या आळीत पापडाचा दिवस ठरला की शेजारणी पोळपाट-लाटणं घेऊन एकमेकींकडे जात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. खालच्या आळीतही तसंच. पण या आळीतली त्या आळीत लाटायला गेली असं कधी झालेलं नव्हतं. नाचणी कांडायला, दळायला मात्र खालच्या आळीतल्या बायांना वर बोलावणं असे. दाण्याचं पीठ होईपर्यंत त्यांचा हात चालायचा. पिठात पाणी पडलं की चालायचा नाही.

हे पापड शहरात चालतील, ही कल्पना सुगंधाताईची. खालच्या आळीतली, सातवी शिकलेली, तिशीच्या आतली, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी बाई. "सर, आमच्याकडं पोती भरून नाचणी हाय आन तुमच्याकडं पोतीभर माणसं. मधी फक्त लाटणं पायजे," असं ती पहिल्याच बैठकीत म्हणाली होती. वरच्या आळीला तयार केलं आक्काताईनं. धिप्पाड, विधवा, आवाज असा की ओढ्यापलीकडची म्हैस मान वर करावी. "मी हाय म्हटल्यावर कोण न्हाय म्हणतंय ते बघतो," असं तिनं सांगितलं आणि कुणी नाही म्हटलं नाही. आमच्याकडच्या बायका येतो-जातो असंच बोलतात. आक्काच्या तोंडी ते जास्तच शोभायचं.

ठरलं असं की दोन्ही आळ्यांनी एकाच मापानं पीठ उकडायचं, तिखट शहराला सोसेल एवढंच घालायचं, लाटायचं आपापल्या आळीत आणि वाळवायचं शाळेच्या पटांगणात. मालाचं वजन आळीवार. पटांगणात वरच्या आळीच्या साड्या पूर्वेकडे अंथरलेल्या, खालच्या आळीच्या पश्चिमेकडे. मधे बैलगाडी जाईल एवढी मोकळी जमीन. ती कुणी आखली नव्हती. मी ती बघितली होती आणि मनाशी म्हटलं होतं, असू दे, एका पटांगणात तर आली.

त्या उन्हाळ्याचा वास माझ्या नाकातून गेलेला नाही. उकडलेल्या नाचणीचा ओलसर मातकट वास, हिंगाचा, गोडेतेलाच्या बोटांचा, आणि त्यात मिसळलेला पिकल्या फणसाचा. ओढ्याकडून कोकिळा दिवसभर ओरडायची. खालच्या आळीत कुडांवर पांढऱ्या साड्या वाळत असायच्या, कारण बुद्ध पौर्णिमा जवळ आली होती आणि त्या दिवशी सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून निघणार होत्या. त्याच तयारीत असलेल्या सुगंधाताईच्या अंगणात मी एका सकाळी बसलो होतो. विक्रीच्या पिठाशिवाय तिनं पौर्णिमेसाठी घरचं थोडं पीठ वेगळं काढलं होतं. त्यात तिच्या हातच्या चार मिरच्या जास्त होत्या.

"सर, बघत काय बसलाय? एक लाटा तरी," ती म्हणाली आणि तिनं स्वतःचा पोळपाट माझ्याकडे सरकवला.

घरच्या पिठाची एक लाटी तिनं माझ्या तळहातावर ठेवली. कोमट, मऊ, जिवंत काही हातात दिल्यासारखी. मी लाटत गेलो आणि ते पीठ हवं तिकडे पळत गेलं. एका बाजूला शेपूट निघालं, दुसऱ्या बाजूला खाच पडली. खालच्या आळीतल्या बाया पोटं धरून हसल्या.

"ह्यो पापड हाय का तालुक्याचा नकाशा?"

"असूं दे, सरांचा पयला हाय. वाळू दे त्यो पन."

तो वाकडा पापड सुगंधाताईनं स्वतः पटांगणात नेला आणि आपल्या साडीच्या कडेला, इतरांबरोबर, पसरला.

दुपारी वळीव आला. इथून माझी नेहमीची गोष्ट सुरू होते, आणि हा भाग मला अजूनही सांगावासा वाटतो, कारण तो खरोखर तसाच घडला. आधी वारा आला. साड्यांचे पदर उठले आणि अर्धे ओले पापड उडून पटांगणभर नाचायला लागले. मग टपोरे थेंब, आणि थेंबांमागून गारा. वरच्या आळीतून, खालच्या आळीतून बाया धावत सुटल्या. ज्या साडीपाशी जी पोचली ती तिनं उचलली. मधली बैलगाडीची वाट कुणाला आठवली नाही. आक्काताईनं खालच्या आळीची अख्खी साडी पापडांसकट कवेत घेतली आणि "सरा बाजूला!" असं ओरडत ती शाळेच्या ओट्यावर चढली. सुगंधाताईनं वरच्या आळीच्या दोन साड्या डोक्यावर घेतल्या होत्या. वर्गात एकाच सतरंजीवर सगळ्या पापडांचा ढीग पडला. दारात गारांचा खच. भिजलेल्या, धापा टाकणाऱ्या बाया एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. कुणाच्या तरी पोरानं गार उचलून आक्काच्या पाठीत टाकली, आक्का नाचली, आणि खालच्या आळीतल्या एका म्हातारीनं टाळ्या वाजवून ठेका धरला. दोन्ही आळ्यांच्या बाया मी पहिल्यांदाच एका छपराखाली बघत होतो. 

"त्या दिवशी त्या ढिगातला कुठला पापड कुठल्या आळीचा, हे देवालासुद्धा सांगता आलं नसतं. पापड एक झाले आणि गाव एक झालं." सभेत हे वाक्य बोलून मी खाली बसत असे.

देवाला कदाचित आलं नसतं. पण त्या वर्गातल्या प्रत्येक बाईला येत होतं.

पाऊस अर्ध्या तासात थांबला. ऊन पडलं. पापड लगेच पसरले नाहीत तर त्यांना वास लागणार, म्हणून सगळ्याजणी ढिगाभोवती बसल्या. आक्काताईनं पहिला पापड उचलला, उजेडात धरला आणि डावीकडे ठेवला. दुसरा उचलला, उजवीकडे ठेवला.  मग वरच्या आळीतल्या इतरही वेचायला लागल्या. लाटणारीचा हात लपत नाही. वरच्या आळीचा पापड ताटासारखा गोल आणि काठाला जाड. सुगंधाताईचा असा पातळ की खालच्या साडीची फुलं त्यातून दिसावीत.

"वजनाला घोळ नको उद्या," आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली.

तिच्यामागून एक सून हळूच म्हणाली, "आन घरात आत्याबाई खायच्या न्हाईत."

खालच्या आळीतल्या बाया भिंतीला लागून उभ्या होत्या. म्हातारीच्या टाळ्या कधीच थांबल्या होत्या. मला वाटलं आता त्या निघून जातील. पण सुगंधाताई पुढे आली, ढिगाशी बसली आणि स्वतःच वेचायला लागली. "हात उचला की गं," ती आपल्या बायांना म्हणाली, "नाचणी कुनाची बी असली तरी कुबट वास एकच येतोय."

आणि मग ढिगातून तो वाकडा पापड निघाला. आक्कानं तो उचलला, फिरवून बघितला.

"ह्यो गं कुनाचा? ह्याला तर शेपूट हाय."

"सरांचा हाय त्यो," कुणीतरी म्हणालं.

हशा पिकला. आक्काही हसली. "मग आपल्यातच की," ती म्हणाली आणि तिनं तो डावीकडे, वरच्या आळीच्या ढिगावर ठेवला.

पीठ सुगंधाताईचं होतं. पोळपाट तिचा, मिरच्या तिच्या, साडीची कड तिची. माझं त्यात एक वेडंवाकडं लाटणं तेवढं. सुगंधाताईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन एवढा वेळ बघितलं. मी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं काचा पुसायला लागलो.

गप्प का बसलो, याची उत्तरं मी पुढे पुष्कळ तयार केली. वरची आळी बिथरली असती, काम बंद पडलं असतं, हळूहळू जायचं असतं. ही सगळी उत्तरं थोडीथोडी खरी आहेत. पण "आपल्यातच की" हे ऐकताना आत कुठंतरी बरं वाटलं होतं, तेही खरं आहे. आणि हे उत्तर मी कुठल्याच सभेत दिलं नाही.

त्यावर कडी अशी की आक्कानं तो पापड वाळल्यावर भाजला आणि घरात वाटून खाल्ला. तिखट एवढं की नातवंडं अंगणात उड्या मारत सुटली म्हणे. तेव्हापासून मी वरच्या आळीत गेलो की ती ओरडायची, "आलं बगा मिरचीवालं सर! दिसायला मवाळ, पन पापड नाकातनं धूर काढतोय!" मी हसायचो. दर उन्हाळ्यात ती हे म्हणायची आणि दर उन्हाळ्यात मी हसायचो.

काम मात्र वाढलं. राजारामपुरीतल्या एका दुकानात करंजओहळचे पापड मिळायला लागले, मग आणखी दुकानांत. सुगंधाताई ग्रामपंचायतीत निवडून आली. दोन हजार सालानंतर बाहेरगावची माणसं आमचं काम बघायला येऊ लागली, आणि त्यांना सांगायला माझ्याकडे गोष्ट तयार होती. कोल्हापुरातल्या एका सभागृहात ती सांगताना सुगंधाताई व्यासपीठावर माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. टाळ्या पडल्या. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

तिला स्टँडवर सोडायला गेलो होतो. मलकापूरची गाडी लागायची होती. उसाच्या रसाचे दोन पेले घेऊन आम्ही कट्ट्यावर बसलो. आपला पेला संपवून तिनं तो उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "सर, गोष्ट लई चांगली सांगता तुमी. पन पाऊस थांबल्यावर काय झालं ते बी सांगा की कवातरी."

"सांगतो," मी म्हणालो.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. गोष्ट मात्र मी सांगतच राहिलो, आणि ती माझ्या आधी गावोगाव पोचायला लागली.

ती गोष्ट काय काम करत होती हे मला कळलं ते यंदा. करंजओहळला गेल्या वर्षी पापडांसाठी पक्की शेड झाली, पत्र्याची, सिमेंटच्या कोब्याची. दोन्ही आळ्यांसाठी. किल्ली आक्काताईच्या घरी, खुंटीला. खालच्या आळीतल्या बायांना शेड उघडायची तर वर जायचं, आक्काच्या अंगणात उभं राहायचं, हाक मारायची. कधी आक्का शेतात असायची, कधी जेवत असायची, कधी "आज आमचं चाललंय, उद्या या" असं व्हायचं. एक किल्ली आम्हालाही द्या, असं त्यांनी आधी तोंडी आणि मग तालुक्याच्या साहेबांपुढे मांडलं. साहेब आले. हसून म्हणाले, "अहो, तुमच्या गावाची वळवाची गोष्ट मी स्वतः ऐकलीय. इथं असलं काही नसतं." वरच्या आळीतल्या पोरीबाळींनाही ती तोंडपाठ होती. आपल्यात कुठं काय राहिलंय, पापड कवाच एक झालं की, असं म्हणत त्या अगदी मनापासून विचारत होत्या, मग किल्ली कशाला पायजे?

हे मला सुगंधाताईनं फोनवर सांगितलं. आवाज चढवला नाही. "सर, तुमची गोष्ट आमच्या तोंडावर हात ठेवून बसलीय," ती म्हणाली. "ती तुमी उचलल्याबिगर उठायची न्हाय."

मी फोन खाली ठेवला. बायकोनं विचारलं, कुणाचा. मी तिला सगळं सांगितलं, चष्म्यासकट. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिलाही सांगितलं नव्हतं. ती डाळ निवडत होती.  मग म्हणाली, "त्या बाईनं एकदाच बघितलं ना तुमच्याकडे? मी असते तर बघतच राहिले असते." आणि उठून माझी पिशवी शोधायला गेली.

तर यंदाच्या वैशाखात मी पुन्हा त्या वाटेनं गेलो. वडापच्या पोरानं मला पुढची सीट दिली, म्हातारा म्हणून. करवंदं होती, पण जाळीपर्यंत वाकणं आता जमत नाही. वेशीत शिरताना माझ्या तोंडाकडे बघून कुणी ओरडलं नाही.

शेड बंद होती, म्हणून सगळ्या शाळेच्या ओट्यावर जमल्या. खालच्या आळीच्या बायांनी पराती, पोळपाट तिथंच आणले होते. पीठ उकडलेलं होतं आणि ते कुणासाठी थांबत नाही. पुन्हा पौर्णिमा जवळ आली होती. सुगंधाताईच्या मांडीशी घरच्या पिठाची वेगळी लहान परात होती. वरच्या आळीतल्या बायाही आल्या, कारण सर आलेत आणि गोष्ट सांगणार आहेत असा निरोप फिरला होता. आक्काताई काठी टेकत आली. पाठ वाकली होती, आवाज तोच. "आलं का मिरचीवालं! अजून हायसा की जिवंत!"

मी भिंतीला टेकून गोष्ट सांगायला लागलो. वारा आला, साड्या उठल्या. "व्हय व्हय, गारा पडल्या हुत्या लिंबाएवढ्या!" आक्का मधेच म्हणाली. पोराच्या हातातली गार, आक्काचं नाचणं, सगळ्याजणी हसल्या. मी एका छपराखालच्या बायांपर्यंत आलो आणि श्वास घ्यायला थांबलो. तेवढ्यात टाळ्या वाजल्या. त्यांना शेवट ठाऊक होता.

"थांबा," मी म्हणालो. "पाऊस थांबल्यावर काय झालं ते राहिलंय."

आणि सांगितलं. पहिला पापड डावीकडे, दुसरा उजवीकडे. भिंतीला लागून उभ्या राहिलेल्या बाया. मी कुणाचं नाव घेतलं नाही, पण नाव घ्यायची गरजही नव्हती. ओट्यावर लाटण्यांचा आवाज तेवढा चालू होता.

"वजनासाठी केलतं ते," आक्का म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

सुगंधाताईनं लाटणं थांबवलं नाही. "वजन आमी बी करत हुतो की आक्का. काट्याला पापडाची आळी कळत न्हाय."

मग मी वाकड्या पापडाचं सांगितलं. तो कुणाच्या अंगणात लाटला, कुणाच्या पोळपाटावर, कुणाच्या पिठाचा. तो डावीकडे ठेवला गेला तेव्हा मी काय करत होतो तेही.  वरच्या आळीतली एक तरुण सून डोक्यावरचा पदर चाचपत खाली बघत होती.

आक्का माझ्याकडे बघत राहिली. मग सुगंधाताईकडे.

"म्हंजे ती मिरची तुजी हुती?"

"माजीच की."

"मग इतकी वरसं मी ह्यास्नी का नावाजत बसलोय?"

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग कुणालाच आवरलं नाही. मीसुद्धा हसलो, डोळे पुसत. सुगंधाताई मात्र हसली नाही. ती लाटत होती. तिच्या पापडातून पोळपाटाचं लाकूड दिसत होतं.

आक्का काठी टाकून खाली बसली. गुडघे कुरकुरले. पुढे वाकून तिनं सुगंधाताईच्या लहान परातीत हात घातला, कोमट पिठाची एक लाटी तोडली आणि तोंडात टाकली. लहानपणी पापडाच्या दिवशी आम्ही सगळेच अशा लाट्या पळवून खायचो.  आक्का डोळे मिटून चावत होती. तिच्या कपाळावर घाम फुटला.

"तीच हाय," ती म्हणाली.

"मग काय, मी बदललोय व्हय?" सुगंधाताई म्हणाली. तिनं पहिल्यांदाच लाटणं खाली ठेवलं. "आक्का, लाटी खाल्लीस. आता किल्लीचं बोल."

आक्काला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मिरचीचं असेल. तिनं हात पुढे केला. "आधी पाणी दे गं, तोंड पोळलं. मग बोलू."

सुगंधाताईनं आपल्याजवळचा तांब्या उचलून तिच्या हातात दिला, पण आपला हात काढला नाही. तांब्यावर दोघींचे हात होते, एकीचे पिठाचे, एकीचे सुरकुतलेले. बाहेर पटांगणात लख्ख ऊन होतं.

"बोलू न्हवं," ती म्हणाली. "बोल."